चट्टा लाल झाला म्हणून गोळ्या सोडू नका. कुष्ठरोगात हात वाकडा करणारी फौज आपलीच असते

भिवापूर : कुष्ठरोगाचं निदान झालं, सरकारी दवाखान्यातून गोळ्यांचं पाकीट मिळालं, गोळ्या सुरू झाल्या. पहिले काही आठवडे बरे गेले. मग एक दिवस दंडावरचा फिका चट्टा लालभडक झाला, फुगला, हात लावला तर गरम. कोपरापासून करंगळीपर्यंत ठणका सुरू. घरचे म्हणतात, ‘गोळ्या गरम पडल्या, बंद करा आता.’ रुग्ण गोळ्या बंद करतो, दवाखान्यातही जात नाही. काही महिन्यांनी करंगळी आणि तिच्या बाजूचं बोट आत वळलेलं दिसतं.

पूर्व विदर्भात कुष्ठरोग अजून आहे आणि हा घोळही अजून होतो. चट्टा लाल होणं म्हणजे गोळ्या बाधल्या असं नाही. रोग वाढला असंही नाही. आपल्या शरीराची राखण करणारी फौज जंतूंवर एकदम तुटून पडली, आणि त्या मारामारीत हाताची नस सापडली, असा त्याचा अर्थ आहे. डॉक्टर याला ‘रिअॅक्शन’ म्हणतात. वेळेत दवाखाना गाठला तर हात वाचतो. ही फौज नेमकी कोणती आणि ती आपल्याच नसेवर का उठते, ते आज समजून घेऊ.

राखणदार तयार कसे होतात

रक्तात तांबड्या पेशी असतात तशा पांढऱ्याही असतात. त्या पांढऱ्यांतला एक महत्त्वाचा गट म्हणजे टी पेशी. छातीच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची एक छोटी ग्रंथी असते, तिथे या पेशी तयार होऊन बाहेर पडतात. थायमसचा ‘टी’ म्हणून टी पेशी. या ग्रंथीचं काम काय ते जॅक मिलर या शास्त्रज्ञाने १९६१ साली दाखवून दिलं. तोवर डॉक्टरलोक तिला जवळपास बिनकामाचीच समजत होते.

थायमस ही एक कडक शाळा आहे. इथे प्रत्येक टी पेशीची परीक्षा होते. आपलं कोण, परकं कोण हे जिला कळत नाही, जी आपल्याच शरीरावर दात धरते, तिला तिथेच संपवलं जातं. शंभरातल्या जेमतेम दोन ते पाच पेशी पास होऊन बाहेर येतात. पोलीस भरतीपेक्षाही कठीण काम!

पास झालेल्यांत दोन मोठे प्रकार. काही टी पेशी स्वतः जाऊन रोगट पेशीला मारतात. बाकीच्या हाळी देतात. रसायनांचे निरोप सोडून त्या इतर पेशींना गोळा करतात आणि त्यांना चेव आणतात. आपल्याला जी सूज, लाली, गरमपणा आणि दुखणं जाणवतं, ते बहुतेक या हाळीमुळेच.

डुक्कर एक, तुडवणारे पन्नास

रात्री मिरचीच्या वावरात रानडुक्कर शिरलं तर काय होतं ते भिवापूरकरांना सांगायला नको. डुक्कर नासाडी करतंच. पण काठ्या, बॅटऱ्या घेऊन त्याच्यामागे पन्नास माणसं उभ्या पिकातून धावली, तर सकाळी जास्त झाडं कोणाच्या पायाखाली गेलेली दिसतील?

कुष्ठरोगाचा जंतू हा असाच, पण डुकरापेक्षा फार संथ. नॉर्वेच्या हॅन्सन नावाच्या डॉक्टरने तो १८७३ साली शोधला. एका जंतूचे दोन व्हायला जवळपास दोन आठवडे लागतात. जंतू अंगात शिरल्यापासून चट्टा दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं जातात, कधी वीससुद्धा. त्याला थंड जागा आवडते, म्हणून तो कातडीत, कानाच्या पाळीत आणि कातडीच्या जवळून जाणाऱ्या नसांमध्ये घर करतो. इथे नस म्हणजे रक्ताची नव्हे, स्पर्श कळवणारी आणि हात-पाय हलवणारी नस. कोपराच्या आतल्या बाजूला हाडाला लागून जी नस जाते (जिच्यावर ठोसा बसला की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात तीच), ती त्याची सगळ्यात आवडती.

नसेच्या वेष्टनातल्या पेशींमध्ये हा जंतू गुपचूप बसून राहतो. तो विष सोडत नाही, म्हणून दुखतही नाही. टी पेशींना त्याचा पत्ता लागला की त्या तिथे येतात, हाळी देतात, गर्दी जमते आणि सूज येते. पण नस ही घट्ट वेष्टनातली वस्तू आहे. पायाला सूज आली तर पाय फुगतो. नसेला बाहेर फुगायला जागाच नसते. मग आतल्या आत दाब वाढतो, रक्त पोचत नाही आणि बारीक तंतू मरू लागतात. स्पर्श जातो, मग बोटांची ताकद जाते, आणि शेवटी बोट वळतं.

म्हणजे बोट वळायला जंतू जितका कारणीभूत आहे, त्याहून जास्त त्याला मारायला जमलेली गर्दी आहे.

एकाच जंतूचे दोन रोग?

आता एक नवलाची गोष्ट. सगळ्या माणसांत ही गर्दी सारखी जमत नाही. शंभरातल्या पंच्याण्णवहून जास्त लोकांच्या अंगात हा जंतू शिरला तरी त्यांच्या टी पेशी त्याला गाजावाजा न करता संपवतात. त्यांना रोग होतच नाही. म्हणूनच रुग्णाच्या एकाच ताटात जेवणाऱ्या घरातही बहुतेकांना काही होत नाही.

उरलेल्या थोड्यांमध्ये दोन टोकं असतात. एका टोकाला टी पेशी फार तेज असतात. अशा माणसाच्या अंगावर एक-दोनच चट्टे दिसतात, त्यांच्या कडा स्पष्ट आणि आत पूर्ण बधिर. जंतू शोधूनही सापडत नाहीत, पण जवळची नस लवकर मार खाते. दुसऱ्या टोकाला टी पेशी नेमक्या या जंतूपुढेच थंड पडतात. बाकी सगळ्या रोगांशी त्या नीट लढतात, फक्त याला ओळख देत नाहीत. मग जंतू कोटींनी वाढतात. कातडी तेलकट-चकचकीत होते, कानाच्या पाळ्या जाड होतात, भुवयांचे केस झडतात आणि सुरुवातीला बधिरपणा फारसा नसतो. रोग दुसऱ्याला लागतो तो मुख्यतः अशा उपचार न घेतलेल्या रुग्णापासून.

रिडली आणि जॉप्लिंग या दोन डॉक्टरांनी १९६६ साली या टोकांच्या मधल्या पायऱ्यांची मांडणी केली. आज दवाखान्यात सोय म्हणून दोनच गट करतात. कमी जंतूंचा तो ‘पीबी’, त्याला सहा महिने गोळ्या. जास्त जंतूंचा तो ‘एमबी’, त्याला बारा महिने. दोन्ही फुकट.

पण टी पेशींच्या दृष्टीने खरी धोक्याची जागा मधलीच आहे. मधल्या पायरीवरच्या माणसाची फौज धड तेजही नसते, धड थंडही नसते. ती डगमगत असते. गोळ्यांनी जंतू मेले, त्यांचे तुकडे अंगात पसरले, की टी पेशींना अचानक जाग येते. इतके दिवस ओळख न दिलेला परका दिसतो आणि सगळ्या मिळून धावतात. हीच ती रिअॅक्शन. जुने चट्टे पेटतात, नस सुजते, कधी हातापायावर सूज येते. बहुतेकदा हे गोळ्यांच्या पहिल्या काही महिन्यांत होतं, पण गोळ्या सुरू व्हायच्या आधी किंवा कोर्स संपल्यावरही होऊ शकतं. मेलेले जंतू शरीरातून साफ व्हायला वेळ लागतो ना.

बाळंतपणानंतर बायांनी जास्त जपावं. पोटात बाळ असताना आईची फौज थोडी मवाळ होते, नाहीतर ती बाळालाच परकं समजेल. बाळंतपण झालं की फौज पुन्हा जोरात येते आणि तेव्हा रिअॅक्शनचा धोका वाढतो. कुष्ठरोगाचा उपचार घेतलेल्या किंवा घेत असलेल्या बाईने बाळंतपणानंतरच्या महिन्यांत हात-पाय-डोळे तपासून घ्यावेत. बाळंतिणीचा हात ठणकला की ‘अशक्तपणा आहे’ म्हणून सोडून देतात, तसं करू नये.

रिअॅक्शनचा दुसराही एक प्रकार आहे, जास्त जंतू असलेल्यांमधला. त्यात ताप येतो आणि अंगावर दुखऱ्या लाल गाठी उठतात, चट्ट्यांच्या जागेवरच असं नाही. डोळे लाल होऊन दुखू शकतात. याची घडण थोडी वेगळी असते, पण सल्ला तोच. दवाखाना, लगेच.

मग करायचं काय

पहिलं, गोळ्या बंद करायच्या नाहीत. गोळ्या जंतू मारतात आणि ते काम सुरूच राहिलं पाहिजे. दुसरं, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचं. आशाताईंना फोन केला तरी त्या पुढची वाट सांगतील. कठीण केस असेल तर नागपूरला मेडिकल किंवा मेयोत पाठवतात.

तिथे डॉक्टर नसा चाचपतात, बोटांची ताकद बघतात आणि गरज असेल तर प्रेडनिसोलोन सुरू करतात. हे स्टेरॉईड आहे. ते टी पेशींची हाळी दाबतं, मग गर्दी पांगते आणि नसेवरचा दाब उतरतो. कोर्स साधारण बारा आठवडे, कधी त्याहून जास्त चालतो आणि डोस हळूहळू उतरवत नेतात. मधेच एकदम तोडायचं नाही, कारण बाहेरून स्टेरॉईड मिळत असताना शरीर आपलं स्वतःचं बनवणं कमी करतं. साखर असेल, टीबी झालेला असेल, तर आधी सांगा. स्टेरॉईड साखर वाढवतं आणि दबलेला टीबी वर आणू शकतं.

नस अधू होऊन सहा महिन्यांच्या आत उपचार मिळाला तर ती सुधारण्याची चांगली आशा असते. त्यानंतर आशा घटत जाते. सोयाबीन निघाल्यावर बघू, दिवाळी झाल्यावर बघू, यातच ते सहा महिने निघून जातात.

एक अडचण अशी की दर वेळी ठणका होतोच असं नाही. काही जणांची नस काहीही न दुखता अधू होत जाते. म्हणून घरीच दर आठवड्याला दोन मिनिटं तपासणी करावी. करंगळी आणि शेजारच्या बोटात कागद धरा, दुसऱ्याला ओढायला सांगा. सहज निसटला तर ताकद कमी झाली. तळहात वर करून टेबलावर ठेवा आणि अंगठा सरळ छताकडे उभा करा. टाच टेकवून पाऊल वर उचला. डोळे हलके मिटा, फट राहते का ते दुसऱ्याला बघू द्या. डोळे मिटून तळहातावर, तळपायावर पेनाचं टोक टेकवून घ्या आणि कुठे टेकलं ते बोटाने दाखवा. यातलं काही मागच्या आठवड्यापेक्षा बिघडलं असेल तर वाट बघू नका.

आपल्या भागात आणखी एक साधी खूण आहे. मिरचीच्या सातऱ्यावर दिवसभर देठ खुडणाऱ्या बाईच्या हाताची आग होतेच. एका हाताची होते आणि दुसऱ्या हाताच्या काही बोटांची होतच नाही, तवा लागला तरी कळत नाही, फोड आल्यावर दिसतं, असं असेल तर तो हात तपासायलाच हवा. चट्टा दिसत नसला तरी.

गोळ्यांचे काही परिणाम मात्र खरेच असतात आणि घाबरवतात. रिफाम्पिसिनने त्या दिवशी लघवी लालसर होते. क्लोफाझिमिनने कातडी काळपट पडते, औषध संपल्यावर ती हळूहळू पूर्ववत होते. या दोन्हींसाठी गोळ्या सोडायची गरज नाही. पण डोळे पिवळे झाले, किंवा गोळ्या सुरू झाल्यावर अंगभर खाजरं पुरळ, सोलणारी कातडी आणि ताप आला, तर ती खरी बाधा असू शकते. तेव्हा पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरला दाखवा.

विदर्भाने हे आधी पाहिलं आहे

वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठधाम उभं केलं. सेवाग्रामला परचुरे शास्त्रींची सेवा गांधीजी स्वतःच्या हाताने करत. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन आलं, आणि वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन १९४९ साली. वरोरा आपल्यापासून काही फार दूर नाही, भिवापूर तालुक्यातल्या कित्येकांनी आनंदवन पाहिलेलं आहे. तिथे झडलेल्या बोटांनी सतरंजी विणणारी, शेती करणारी माणसं पाहून अनेकांना प्रश्न पडतो की यांच्यापासून रोग लागत नाही का? नाही लागत. त्यांच्या अंगातले जंतू केव्हाच मेलेले आहेत. हात वाकडे राहिले कारण नसा आधीच गेल्या होत्या. त्या काळी रिअॅक्शन आवरायला प्रेडनिसोलोन हाताशी नव्हतं, आणि बऱ्याच जणांच्या वेळी तर जंतू मारायचं खात्रीचं औषधही नव्हतं. आजच्या तीन औषधांच्या एकत्र उपचाराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली केली, आणि देशात तो सुरू झाला त्या पहिल्या जिल्ह्यांत आपलं वर्धा होतं.

डिसेंबर २००५ मध्ये देशात दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण झाले आणि कुष्ठरोगाचं निर्मूलन झाल्याचं जाहीर करण्यात आलं. ती सरासरी सगळ्या देशाची होती. ‘रोग गेला’ असा तिचा अर्थ लोकांनी काढला आणि चट्टा दाखवायचं थांबलं, हे मात्र वाईट झालं.

शत्रू नसतानाही फौज उठते तेव्हा

कुष्ठरोगात निदान मारायला जंतू तरी असतो. काही रोगांत जंतू नसतोच. थायमसच्या शाळेतून चुकून सुटलेल्या टी पेशी आपल्याच अवयवाला परकं समजतात.

पांढरे कोड घ्या. आपल्याकडे कोड आणि कुष्ठ यांची गल्लत करून कित्येक मुलींची लग्नं मोडली. कोड हा जंतूचा रोगच नाही. टी पेशी कातडीला रंग देणाऱ्या पेशी मारतात, म्हणून तिथे खडूसारखा पांढरा डाग पडतो. तो कोणाला लागत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. कोडाच्या डागावर स्पर्श, थंड-गरम, टोचणं सगळं कळतं. कुष्ठाचा चट्टा पूर्ण पांढरा नसतो, फिका किंवा तांबूस असतो, आणि बहुधा तिथे कमी कळतं.

हाताच्या बोटांची पेरं सुजून सकाळी तासभर आखडलेली राहतात तो आमवातही असाच. तिथे टी पेशी सांध्याच्या अस्तरावर गर्दी करतात. पुण्याकडच्या भिगवण गावात डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली घरोघरी जाऊन पाहणी सुरू केली होती. त्यात दर दोनशे मोठ्या माणसांमागे साधारण एकाला हा रोग आढळला. म्हणजे दोन हजार वस्तीच्या गावात पाच-सात जण तरी असणार. ते सगळे ‘वात आहे’ म्हणत तेल चोळत बसलेले असतात. लहान मुलांना होणाऱ्या मधुमेहातही टी पेशीच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारतात.

या रोगांवर बाजारात बिननावाच्या पुड्या मिळतात. दोन दिवसांत दुखणं गायब, असा त्यांचा लौकिक असतो. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉईडच कुटून घातलेलं असतं. औषध तेच, पण किती, किती दिवस, साखर-टीबी तपासली का, उतरवायचं कसं, काहीच ठरलेलं नाही. डॉक्टर देतात त्या स्टेरॉईडमध्ये आणि पुडीत फरक आहे तो या हिशेबाचा.

फौज धावली की तिला परत बोलावणारं कोणी नसतं का? असतं. टी पेशींमध्येच एक गट ‘पुरे आता’ म्हणून इतरांना आवरणारा आहे. जपानचे शिमोन साकागुची यांनी १९९५ साली तो दाखवला. अमेरिकेत मेरी ब्रंकॉ आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ साली या गटाशी जोडलेला जनुक शोधला. तो बिघडला तर लहान मुलाच्या अंगातली फौज त्याच्याच आतड्यावर, कातडीवर, ग्रंथींवर तुटून पडते. या तिघांना २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. या आवरणाऱ्या पेशी वाढवून आमवातासारखे रोग काबूत आणता येतील का, याच्या चाचण्या जगभर सुरू आहेत. आपल्या दवाखान्यात ते यायला वेळ आहे. तोवर स्टेरॉईड आणि फौज मवाळ करणारी इतर औषधं, डॉक्टरच्या नजरेखाली.

कोर्स संपल्यावरही

कुष्ठरोगाचा कोर्स पूर्ण झाला, कार्डावर शिक्का बसला, तरी पुढची काही वर्षं ती दोन मिनिटांची घरची तपासणी सुरू ठेवा. घरातल्या आणि शेजारच्या माणसांना रिफाम्पिसिनचा एक डोस देतात, त्याने त्यांना रोग होण्याची शक्यता कमी होते. डोस द्यायला आलेल्यांना परत पाठवू नका. शोधमोहिमेत आशाताईंसोबत पुरुष कार्यकर्ता असतो तो पुरुषांच्या तपासणीसाठी, बायांची तपासणी आशाताईच करतात. त्यामुळे पाठ, मांडी दाखवायला संकोच नको.

ज्यांचा हात आधीच बधिर आहे त्यांनी रोज वीस मिनिटं साध्या पाण्यात तो भिजवून वरून तेल लावावं, चुलीवरचं भांडं फडक्याशिवाय धरू नये, विळ्याच्या-कुदळीच्या दांड्याला कापड गुंडाळावं आणि रात्री झोपताना हात-पाय नजरेने तपासावेत. बोट वळलं असेल तर शस्त्रक्रियेनेही ते सरळ करता येतं. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी चाळीसच्या दशकाच्या शेवटी हे काम सुरू केलं. चांगल्या स्नायूची दोरी काढून अधू बोटाला जोडतात. आता ती शस्त्रक्रिया सरकारी योजनेत होते आणि रुग्णाला मजुरी बुडते म्हणून अर्थसाहाय्यही मिळतं. त्यासाठी गोळ्यांचा कोर्स पूर्ण झालेला असावा लागतो आणि मधल्या महिन्यांत रिअॅक्शन आलेली नसावी लागते. तेव्हा चौकशीला जाताना उपचाराचं कार्ड सोबत ठेवा.